लाइट गेलीच नव्हती

महिना उलटला, तरी ती रविवारची दुपार डोळ्यांपुढून हलत नाही. संध्याकाळी नांदेडहून फारूकचा फोन आला, आपला मिलिंद गेला म्हणून... तेव्हा इथं लातूरला माझा संगणक चालूच होता. खेळ अडलेला होता आणि पडद्यावर मिलिंदच्या नावापुढं वाट पाहण्याची खूण फिरत होती.

विष्णुपुरीला इंजिनिअरिंग करताना आम्ही तिघं एका खोलीत राहायचो. तीन जुनाट संगणक वायरीनं जोडून किल्ले आणि घोडेस्वारांचा एक लढाईचा खेळ खेळायचो; अभ्यासाच्या नावानं बोंब. पुढं मी लातूरला, फारूक नांदेडला, मिलिंद मुखेडला, अशी पांगापांग झाली. खेळ इतका जुना, की सगळे एका खोलीत असल्याशिवाय सुरूच होत नाही. मिलिंदनं महिनाभर डोकं खाजवून आमचे संगणक इंटरनेटवरून असे जोडले, की त्या बिचाऱ्या खेळाला वाटावं, ही पोरं अजून त्याच खोलीत आहेत. त्या दिवशी त्याचा तोरा असा, की जणू मुखेडला गोदावरीच आणली. दर रविवारी तो माझा किल्ला जमीनदोस्त करायचा आणि वर लिहायचा, ‘जेवला का?’ अस्सा राग यायचा मला.

एकाचा संगणक बंद पडला की सगळ्यांचा खेळ अडतो. त्याला वगळून पुढं जायचं बटण असतं, पण मिलिंदनं ते आम्हाला कधी दाबू दिलं नाही. मुखेडची लाइट कधी जाईल याचा नेम नाही. म्हणून ज्याची लाइट गेली त्याची बाकीच्यांनी वाट पाहायची, फोन करून भंडावायचं नाही, असा त्याचा नियम. आम्ही तो वर्षानुवर्षं पाळला. खरं सांगायचं तर आम्हाला त्याचा अभिमानच होता.

त्या दुपारीही पाळला. मिलिंद अडकला तसे आम्ही थांबलो, लाइटीला शिव्या घातल्या, मी चहा करून आलो. पाऊण तास... आणि तिकडं छातीत कळ येऊन तो खुर्चीवरून कोसळला होता. पडताना पायात अडकून संगणकाची वायर निघाली होती. मित्रांसोबत खेळतोय म्हणून वहिनींनी दार लोटून घेतलेलं.

त्याच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मुखेडला गेलो तेव्हा वहिनींना सगळं सांगून टाकलं. त्यांनी चार शिव्या द्याव्यात असं मला मनापासून वाटत होतं. त्या म्हणाल्या, “भाऊ, त्या दिवशी लाइट गेलीच न्हवती.” आवाजात राग नव्हता. लवकर आणलं असतं तर, एवढंच म्हणून डॉक्टरही थांबले होते. ते वाक्य मी रोज पुरं करतो.

गेल्या रविवारी फारूक म्हणाला, बसू थोडं. दोघंच बसलो. दहाव्या मिनिटाला त्याचं नाव अडकलं आणि मी तत्क्षणी फोन लावला.

“लाइट गेली यार. आली की येतो,” तो म्हणाला. “बरं,” म्हणालो, पण फोन काही ठेववेना. त्याच्या ते लक्षात आलं.

“फोन ठिवू नको,” तो म्हणाला.

लाइट येईपर्यंत आम्ही दोघं फोन कानाला धरून बसलो. मी नुसता त्याचा श्वास ऐकत होतो.