कळपामागची जागा

धारूरहून माझी एसटी सुटली तेव्हा आबा स्टँडवर नव्हते. "जितराब उपाशी ठिवून कसा येऊ, बाय?" एवढंच सकाळी म्हणाले आणि मेंढरं घेऊन निघून गेले. मला भयंकर राग आला होता. लेक जपानला चाललीय आणि बापाला मेंढरांची पडलीय! पण घाटात गाडी थांबली. समोर आमचीच मेंढरं रस्ता ओलांडत होती. पुढं आबा, काठी खांद्यावर आडवी. ड्रायव्हर हॉर्न वाजवून वैतागला, तरी आबांनी गाडीकडं मान वळवली नाही. शेवटचं कोकरू पलीकडं गेलं तेव्हा मला दिसलं, कळपाच्या मागं कुणीच नव्हतं.

मागची जागा माझी होती. पुढचा वाट दाखवतो. मागचा लंगडं, दमलेलं, कुणाच्या पिकात तोंड घालणारं सांभाळतो. दोन माणसांशिवाय कळप चालत नाही. आईच्या गुडघ्यांनी तर कधीच राजीनामा दिला होता. हे सगळं मला माहीत होतं. "जा तू, मी बघतो," असं आबा म्हणाले होते आणि ते मी माझ्या सोयीनं खरं धरलं.

ओसाकात भाषेचा वर्ग होता. तो पुरा झाला की तिथंच वृद्धाश्रमात नोकरी. परक्यांच्या आजी-आजोबांना हाताला धरून चालवायला मी शिकत होते, याची तेव्हा लाज वाटली नाही. आता वाटते. दर रविवारी आबांना फोन करायचे.

"मेंढरं किती झाली, आबा?"

"कावून इचारतीस? हायेत की, देवाची हायेत."

आमच्यात कळपाचा आकडा बोलून दाखवत नाहीत, दृष्ट लागते म्हणतात. मी हसायचे. सहा महिने मी त्या उत्तरावर हसत राहिले.

मग वर्गाची सहल नाराला गेली. क्योतोच्याही आधी राजधानी होती ती. सेन्सेई, म्हणजे आमच्या बाई, सम्राटांची नावं सांगत होत्या, प्रचंड लाकडी देवळं दाखवत होत्या. माझं लक्ष हरणांकडं. शेकडो हरणं मोकळी फिरतात तिथं, बिस्किटासाठी माणसापुढं मान लववतात. आमच्या कळपातली शेरडं असती तर त्यांनी बिस्किटासकट पिशवीही खाल्ली असती. एवढ्यात हरणांचा एक घोळका रस्त्यावर आला आणि सिटी बस थांबली. हॉर्न नाही, काही नाही. ड्रायव्हर पांढऱ्या हातमोज्यांतले हात स्टिअरिंगवर ठेवून शांत बसून राहिला. माझ्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. मी आईच्या मोबाइलवर पहिल्यांदाच व्हिडिओ कॉल लावला. आपल्याकडं सकाळच होती, मेंढरं रानात निघायची वेळ.

आबा हरणांकडं टक लावून बघत राहिले. मग म्हणाले, "लई देखणी हायेत. पर म्होरं कुणी दिसंना, मागं बी कुणी न्हाई. राखतं कोण ह्यांना?"

"कुणीच नाही आबा. आपली आपण राहतात."

"मंग बरं हाय त्यांचं."

"आता आपली दाखवा. आई, मोबाइल वाडग्याकडं फिरव ना."

आईनं मोबाइल फिरवला. मेंढरांच्या वाडग्याला काट्यांचं कुंपण तसंच होतं, आणि आत मेथी होती. हिरवीगार, फुलावर आलेली. लेंड्यांच्या खतावर आलेली.

"तू गेलीस त्याच म्हैन्यात इकली," आई हळूच म्हणाली. "दोन येळा पिकात शिरली, लोकं भांडाय आले. तुला सांगू नको म्हनले हे."

"मागं कोण व्हतं मग?" आबा म्हणाले. आवाजात राग नव्हता. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

सेन्सेईंनी विचारलं, काय झालं? मी मोबाइल त्यांच्यापुढं धरला. त्यांना हिरवीगार मेथी तेवढी दिसली.

नोकरीवर जाण्याआधी पंधरा दिवस घरी आले. घाटात गाडी कुठंही थांबली नाही. या वेळी आबा स्टँडवर आले होते, धुतलेला सदरा, हातात तीच काठी. "लवकर आलात?" मी विचारलं. "आता मोकळाच हाय की," ते म्हणाले.

घराकडं पायी निघालो. आबा पुढं, मी मागं. बऱ्याच वेळानं लक्षात आलं की आमच्यात चांगलंच अंतर पडलंय, अख्खा कळप मावेल एवढं. मी पाय उचलले असते तर जवळ गेले असते. गेले नाही. आबाही थांबले नाहीत, फक्त मधूनच, जुन्या सवयीनं, मागं वळून बघत होते. आता ओसाकात परतल्यावर कुणी मला घर कुठं म्हणून विचारतं तेव्हा मी नकाशावर धारूर दाखवते. माझ्या डोळ्यांपुढं मात्र तो मोकळा रस्ता असतो, माझ्या आणि आबांच्या मधला.