उत्तरेची जाळी

बऱ्हाणपुरात माझ्या साडूंइतका संशयी माणूस आजवर झाला नाही, आणि पुढे कधी झालाच, तर त्याच्यावर पहिला संशय साडूच घेतील. दूधवाल्यापासून देवळातल्या घड्याळापर्यंत त्यांनी कुणालाच सोडलेलं नाही. सिंधीपुऱ्यातल्या घरी बसून ते एका कंपनीसाठी कॉम्प्युटरवर वाऱ्याचं गणित मांडतात, कुठल्या वस्तूवरून हवा कशी जाईल त्याचं. पण सगळ्यांत जास्त अविश्वास त्या कॉम्प्युटरवरच. वस्तूला चिकटून हवेचा एक पातळ थर सरकत असतो, आणि तो सगळ्या दिशांना सारखाच असं कॉम्प्युटर धरून चालतो, हे त्यांचं जुनं दुखणं. इतवाऱ्यातल्या एका लग्नात हेच समजावताना त्यांनी नवरदेवाच्या मखमली शेरवानीवरून आधी वरून खाली, मग खालून वर हात फिरवला. "इकडून गुळगुळीत, तिकडून खरखरीत. कपडा तर एकच आहे ना?" नवरदेव बिचारा मान हलवत राहिला. पंगतीतही वरणाची वाफ कुठे जाते ते बघितल्याशिवाय त्यांनी पहिला घास घेतला नाही.

गेल्या वर्षी माझ्या केळीला घड लागले, तेव्हा ते आपणहून आले. माझ्याकडे वारा अडवायची जाळी एकाच बाजूला पुरेल इतकी, आणि आमच्याकडे ती सगळे पश्चिमेला बांधतात. साडू तीन दिवस ओळींमध्ये दोरे टांगून फिरले, घरी जाऊन गणित केलं, ते चुकलं असेल म्हणून पुन्हा केलं. "साडूभाऊ, तुमच्या ओळी उत्तर-दक्षिण. आडवा वारा पानांत अटकतो, उभा सीधा घुसतो. जाळी उत्तरेला बांधा. बाकी कोणाचा भरोसा नका करू." त्यांच्यासमोर मी तशी बांधली. ते गेल्यावर शेजारचे बागवाले हसले. "कॉम्प्युटरनं कधी केळी लावली काय?" दुसऱ्याच दिवशी मी जाळी गुपचूप पश्चिमेला हलवली.

वादळ उत्तरेकडून आलं. एका दुपारीत घडांसकट निम्मी बाग आडवी, जाळी कुठल्या कुठे. साडू धावत आले, पडलेल्या खोडांपाशी उकिडवे बसले आणि डोळे पुसत म्हणाले, "माझंच गणित चुकलं. माफ करा." मी पडलेले घड गोळा करायला लागलो.

तेव्हापासून ते आपली चूक शोधताहेत. परवा गेलो तर पडद्यावर माझीच बाग होती. "जाळी उत्तरेलाच होती ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. मला माझीच लाज वाटली. ते पुन्हा पडद्याकडे वळले. माझा शब्द तेवढा त्यांनी तपासून पाहिला नाही.