उपाशी तट्टूंची साखर

घटस्थापनेनंतरचा तिसरा दिवस, सकाळचे ५.५०. येरमाळ्याच्या अलीकडचा माळ. तट्टू बारा, सहा चारा खाल्लेले, सहा अठरा तास उपाशी. हजर: पशुवैद्यक मेजरसाहेब, मी हवालदार, म्हणजे जनावरांच्या दवाखान्यातला नर्सिंग असिस्टंट, आणि लाईनीवर सहा ड्रायव्हर. तट्टू सांभाळणाऱ्या जवानाला आमच्याकडं ड्रायव्हर म्हणतात. त्याच्याकडं गाडी नसते.

तट्टू इथल्याच धनगरांकडून विकत घेतलेले होते. पुढं त्यांना बर्फात रसद वाहायची होती. वर वाट बंद झाली की दाणावैरण पोचत नाही. म्हणून पोट भरलेलं असताना आणि रिकामं असताना त्यांच्या रक्तात साखर किती राहते, हे मोजायचं होतं. मानेच्या शिरेतून रक्त काढायचं, मशीनवर थेंब ठेवायचा, आकडा रजिस्टरात लिहायचा. उपाशीपोटी साखर चढलेली निघाली तर तो तट्टू नापास. नापास जनावर लिलावात जाई.

मी मुरुमचा. पूर्ण नोकरीत स्वतःच्या जिल्ह्यात ड्यूटी मिळाली ती एवढीच. नवरात्राचा उपवास मीही धरला होता आणि डोकं हलकं झालं होतं. धुकं गुडघाभर होतं. तट्टूंचे पाय दिसत नव्हते. बारा पाठी पाण्यावर तरंगत असल्यासारख्या वाटत. उपाशी तट्टू हलत नाहीत. उभ्या उभ्या झोपतात आणि झोपेत ओठ हलवतात. मी दोनदा मोजले. एकदा तेरा भरले.

लॅबच्या तंबूत येऊन वायरलेस हातात घेतला.

"लाईन, लॅब. सात नंबर पाठवा. ओव्हर."

"लॅब, लाईन. सात निघाली. आउट."

सात नंबर म्हणजे करडी घोडी. तिचा ड्रायव्हर भानुदास, कळंब तालुक्यातलाच. उपाशी गटातल्या बाकी पाचांचे आकडे आले होते: ८२, ८८, ७९, ८५, ९०. सात नंबर: १३८.

"फिर से," मेजरसाहेब म्हणाले.

१३६.

"रिजेक्ट. लिखो."

मी पेन टेकवलं, पण लिहिलं नाही. घोडीच्या खालच्या ओठाला लालसर सालीचा तुकडा चिकटला होता. मी भानुदासला तंबूमागं नेलं.

"काय दिलंस?"

"रताळी. तीन."

"कधी?"

"पहाटं चारला."

"ऑर्डर काय होती?"

"पाण्याबिगर काय द्यायचं न्हाय." तो खाली बघत होता. मग त्यानं मान वर केली. "पर हवालदारसाहेब, काल सांजच्याला तुमीबी रताळं खाल्लंच की. वर भगर. देवीला चालतं, मग घोडीनंच काय घोडं मारलंय?"

मला हसू आलं. ते दाबून मी म्हणालो, "ती नापास झाली."

त्याचा चेहरा उतरला. "लिलावात?"

"हो."

"मग माझं नाव सांगा. लई गुणी हाय ती. माझ्यापायी जाऊ नये."

त्याला तीन महिन्यांत लान्स नाईकची फीत मिळणार होती. नाव सांगितलं तर ती जाणार, हे दोघांनाही माहीत होतं. मी आत जाऊन जसं घडलं तसं सांगितलं. मेजरसाहेबांनी चष्मा पुसला.

"कितना वज़न?"

भानुदासच्या पिशवीतली तशीच तीन रताळी आणून तोलली. ६४० ग्रॅम. साहेबांनी ते रजिस्टरात लिहायला लावलं. भानुदासला चौदा दिवस एक्स्ट्रा ड्यूटी, फीत थांबली. सात नंबरची फेरतपासणी, दुपारी बारापासून पुन्हा अठरा तास.

त्या दिवशी भानुदासनं स्वतःही काही घेतलं नाही, पाणीसुद्धा. घोडीच्या शेजारी दावणीला टेकून बसला. दुपारी माळ उन्हात थरथरत होता. समोरची ज्वारी, टेकडी, टेकडीवरचं येडेश्वरीचं शिखर, सगळं जमिनीपासून सुटून वीतभर वर आलं होतं. घोडीचे डोळे मिटलेले, त्याचेही मिटलेले. दोघांचा श्वास एका लयीत चालला होता. मी मिनिटाचे मोजले: बारा. मग कोणाचे मोजतोय ते मला कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ६.०० वाजता सात नंबर: ८४. पास.

साहेब म्हणाले, "इसका भी देखो." भानुदासचं बोट टोचलं. ७१. तो आकडा मी समासात लिहिला: माणूस, उपाशी.

पुढच्याच्या पुढच्या हिवाळ्यात मी, भानुदास आणि घोडी, आम्ही तिघं उत्तरेला एकाच पोस्टखाली होतो. एका सकाळी ५.२० ला आठ तट्टू रॉकेल आणि पीठ घेऊन वर निघाले. ९.१० ला वायरलेसवर आलं: "स्लाईड. दोन मागचे गेले. ओव्हर." मागचे म्हणजे सात नंबर आणि तिचा ड्रायव्हर. चौथ्या दिवशी कोसळलेल्या बर्फाखाली सापडले. लगाम त्याच्या मनगटाला गुंडाळलेला होता.

१३८ तसाच लिहिला असता तर घोडी वर गेली नसती. तिच्यासोबत तोही त्या सकाळी त्या वाटेवर नसता. पण तो आकडा खोटा होता. यापलीकडं मला काही सांगता येत नाही.

सामान घेऊन मीच त्याच्या घरी गेलो. त्याची आई उंबऱ्यात बसली होती. रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "जाताना पोटात काय होतं का त्याच्या?"

"होय, मावशी. साडेचारला चार पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि दोन मग चहा. मी समोर होतो."

"अन् त्या मुक्या जीवाच्या?"

"दोन किलो हरभरा. तुमच्या भानुदासनं स्वतः चारला. दोघंही खाऊन निघाले होते."