गाडीचा मुक्काम वाडीतच

“तू हॉस्पिटलातली ना गो? मग तुला घाणीची सवय असंलच. काढ तेवढं.”

वरच्या गावातले अण्णा ओटीवरून बोलले. खाली त्यांच्या अंगणात मुक्कामाची बस उभी होती. बसच्या पायरीवर आणि पहिल्या दोन सीटवर ओकारी. ओकणारा त्यांचाच पुतण्या, लग्नाची दारू पिऊन आलेला. त्याला दोघांनी बखोटीला धरून घरात नेलं, तोंड धुतलं, झोपवलं. मागे उरली ती घाण, आणि मी.

मी नर्स आहे. तीन वर्षं शिकून झालेली. तालुक्याच्या गावातल्या एका खाजगी हॉस्पिटलात दुसऱ्या पाळीला असते. हे अण्णांना माहीत होतं. मी बौद्धवाडीतली आहे, हेही माहीत होतं. त्यांना दुसरंच तेवढं दिसलं.

कंडक्टर मान खाली घालून उभा. त्याला त्याच बसमध्ये झोपायचं होतं. ड्रायव्हर म्हणाला, “ताई, एवढं करा. मग तुम्हाला वाडीपर्यंत सोडतो.”

वाडी तिथून दीड किलोमीटर. एका बाजूला खाजणाचा चिखल, दुसऱ्या बाजूला सुरूचं बन, मधे एक दिवा नाही. रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. दुपारपासून मी पायावर उभी होते. मी हो म्हणाले. कुणी मला धरलं नव्हतं, मारलं नव्हतं. मी हो म्हणाले, हे मला स्वतःच्याच हाताने लिहायचं आहे.

अण्णांच्या सुनेने बादली आणि खराटा आणून लांब ठेवला. मागे सरली. म्हणाली, “झालं की खराटा तिकडंच टाक. आत आणू नको.”

मी वाकून सगळं साफ केलं. घाणीचं मला काही नाही, रोज करते. पण हॉस्पिटलात मी पेशंटचं काढते. इथे कुणाचं काढत होते? ओटीवर चार माणसं पान खात बघत होती. एक जण म्हणाला, “बघा, शिकली तरी हात बसलेला हाय.” सगळे हसले. ते हसणं अजून माझ्या कानात आहे आणि मला ते तिथेच राहू द्यायचं आहे.

सीट पुसून मी मागच्या बाकावर जाऊन बसले. ड्रायव्हर दाराशी आला. “ताई, उतरा आता. तिकडं गाडी वळवायला जागा नाय म्हणतायत अण्णा.”

“तुम्ही सोडतो म्हणाला होता.”

त्याने अण्णांकडे पाहिलं. अण्णाच बोलले. “गाडी वाडीत झोपली तर सकाळी आम्ही बसायचं कुठं?”

गरज सरो, वैद्य मरो. मी उतरले. फाटकाबाहेर वडील बॅटरी घेऊन उभे होते. रोज उभे राहायचे. अंगणात कधी पाऊल ठेवायचे नाहीत, फाटकाजवळच्या दगडावरसुद्धा टेकायचे नाहीत. त्यांनी सगळं पाहिलं होतं. म्हणाले, “चल.” एवढंच. त्या रात्री मला अण्णांपेक्षा वडिलांचा राग जास्त आला.

वळवायला जागा नाही म्हणे! ती जागा माझ्या वडिलांनी केली आहे. ही मुक्कामाची गाडी मुळात मागितली आमच्या वाडीने. अर्ज वाडीचे, सह्या वाडीच्या, डेपोत खेटे घालून चपला झिजल्या त्याही वाडीच्याच. साहेब म्हणाले, गाडी वळायला जागा दाखवा. तर विहाराच्या मागचा उंचवटा वाडीतल्या बाप्यांनी आणि बायांनी आठ दिवसांत फोडून सपाट केला. मी तेव्हा शाळेत होते. पाट्या मीही उचलल्या.

मग गाडी मंजूर झाली आणि तिथेच आम्ही घोडचूक केली. पहिल्या दिवशी ड्रायव्हर म्हणाला, नव्या वाटेने गाडी न्यायची तर नारळ फोडा. आम्ही नारळ फोडत नाही. धम्म घेतला तेव्हाच ते सोडलं. वाडीची बैठक बसली. नवस-नारळ आपण करायचा नाही, पण ड्रायव्हरचं मन कशाला मोडा? मग कुणीतरी सुचवलं, वरच्या गावातल्या अण्णांना बोलवू, ते फोडतील. आमचा शब्दही राहील आणि त्यांचा मानही. सगळ्यांना पटलं. वडील स्वतः हात जोडून बोलवायला गेले.

अण्णा आले नाहीत. त्यांनी गाडी आपल्याच फाटकात थांबवली, तिथेच नारळ फोडला, ड्रायव्हर-कंडक्टरला जेवायला बसवलं. आम्ही वाडीत हार घेऊन उभे. गाडी आली दुसऱ्या दिवशी सकाळी, पाच मिनिटांसाठी. त्यानंतर कधीच आली नाही. आमच्या कोकणात मुक्कामाची गाडी ज्याच्या दारात झोपते त्याचा गावात वट असतो. सकाळी त्याची माणसं आधी बसतात, टॉवेल टाकून जागा धरतात. ड्रायव्हर-कंडक्टर त्याचं कालवण जेवतात, मग त्याच्याच शब्दाने चालतात. आमचं व्रत आम्ही पाळलं आणि आमची गाडी अण्णांनी नेली.

बरं, ती गाडी तरी धड यावी? तालुक्याच्या स्टँडवर साडेनऊची वेळ. कधी दहाला लागते, कधी सव्वादहाला. खिडकीत विचारलं की “लागेल, लागेल.” कधी लागतच नाही. मग सहा आसनी रिक्षात दहा जणांत कोंबून रेवदंड्यापर्यंत यायचं आणि पुढे कुणाच्या तरी मोटारसायकलची वाट बघायची. वाडीतल्या चार पोरी कामाला जात होत्या. नीता कपड्याच्या दुकानात होती. सुरूच्या बनात दोघे तिच्या मागे लागले, ती चप्पल टाकून पळत घरी आली आणि दुसऱ्या दिवसापासून गेली नाही. तिच्या मागोमाग आणखी दोघी घरी बसल्या. उरले मी. हॉस्पिटलच्या बाईंनी सांगितलं होतं, दुसरी पाळी जमत नसेल तर नर्सेसना तोटा नाही.

आई म्हणायची, “सोड ती नोकरी. त्यांच्याशी वैर घेऊन आपून कुटं जानार?”

वैर मी घेतलं नव्हतं. पण आता मला हवं होतं. आठ दिवस मी दुसरा विचार केला नाही. बसच्या टायरची हवा सोडावी. अण्णांच्या ओटीवर बादलीभर घाण नेऊन ओतावी. रोज रात्री अंथरुणात मी ती ओतत होते, आणि सांगते, छान झोप लागायची. खोटं कशाला बोलू? मला न्याय वगैरे सुचत नव्हता. त्या ओटीवरची चार तोंडं एकदा उतरलेली बघायची होती.

मग एका रात्री गाडीला उशीर झाला म्हणून मी स्टँडवरच्या खिडकीत गेले आणि सहज विचारलं, “ही गाडी मुक्कामाला कुठे जाते?”

आतल्या माणसाने मान वर न करता कागद पाहून सांगितलं, “बौद्धवाडी.”

“रोज?”

“रोजच. रोज तसं लिहून येतं.”

म्हणजे रोज सकाळी ड्रायव्हर-कंडक्टर लिहून देत होते की गाडी आमच्याकडे झोपली. मी हातातलं तिकीट पाहिलं. कितीतरी महिने रोज घेतलेलं, न वाचता पर्समध्ये कोंबलेलं. त्यावर छापलं होतं, वाडीचं नाव. मी शिकलेली बाई, औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरसुद्धा वाचणारी. हे वाचलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली आणि लगेच हसूही आलं. अण्णा कागदाला भीत नव्हते. पण त्यांच्या ताटात जेवणारे दोघे भीत असणार.

त्याच रात्री मी उतरले नाही.

गाडी अण्णांच्या अंगणात शिरली. बेल वाजली. सगळे उतरले. मी बसून राहिले.

कंडक्टर म्हणाला, “ताई, शेवटचा स्टॉप.”

“माझं तिकीट वाडीचं आहे. वाडी आली की उतरते.”

“रोज इथंच उतरता की.”

“रोज चुकत होते.”

त्याला वाटलं मी थट्टा करते. ड्रायव्हर हात धुवायला गेलासुद्धा. ओटीवर ताटं मांडली होती, तळलेल्या बांगड्याचा वास बसपर्यंत येत होता. मलाही भूक लागली होती. पोटात कावळे ओरडत होते. मी पर्स मांडीवर घेतली आणि बसले.

दोघे जेवले. येऊन बघतात तर मी तिथेच. आता त्यांची पंचाईत झाली. ते झोपणार बसमध्येच, सीटवर आडवे होऊन, मच्छरदाणी दांड्याला बांधून. आत बाईमाणूस बसलेलं. अंगाला हात लावून उतरवायची सोय नाही आणि तिच्यासोबत बसमध्ये झोपायचीही सोय नाही. कंडक्टर आधी चिडला, मग काकुळतीला आला. “ताई, आमची पाचला उठायची ड्युटी आहे हो. का छळताय?”

मी तिकीट उलटं करून पेन पुढे केलं. “यावर लिहा, गाडी वाडीत नेणार नाही. खाली सही करा. मी या क्षणाला उतरते.”

त्याने पेन घेतलं नाही. सापाकडे बघावं तसा पेनाकडे बघत राहिला. त्याच्या तोंडचं पाणी पळालेलं मी पाहिलं. मला आनंद झाला. तो गरीब माणूस होता, लांब घाटावरून नोकरीसाठी आलेला, त्याचीही पोरंबाळं असतील. तरी झाला. तो त्या रात्री मान खाली घालून उभा होता, हे मी विसरले नव्हते.

अण्णा खाली उतरून आले. ओटी सोडून बसच्या दारात. आयुष्यात पहिल्यांदा मी वर बसले होते आणि ते खाली उभे होते.

“काय चालवलंस गो? आपला बाप बघ. कदी मान वर केली न्हाय त्यानं.”

“बघितलं ना. म्हणून तर बसलेय.”

“पोलिसांना बोलवू काय?”

“बोलवा. त्यांनाही तिकीट दाखवते.”

वडील फाटकात होते. त्यांनी हाक मारली, “बाळ, उतर. चल घरी.” मी नाही म्हणाले. त्यांना नाही म्हणणं मला अण्णांना म्हणण्यापेक्षा जड गेलं. ओटीवरचे लोक पान थुंकत होते, मला ऐकू जाईल अशा शिव्या देत होते. हॉस्पिटलात रात्री काय करते, कुणाबरोबर करते, तेही बोलून झालं. मी ऐकलं. एकेकाचा आवाज ओळखला आणि लक्षात ठेवला.

साडेबारा झाले असतील. ड्रायव्हरने शिवी हासडली, मला की अण्णांना ते कळलं नाही, आणि इंजिन चालू केलं. गाडी फाटकातून मागे निघाली. वडील आडवे आले. मला वाटलं, थांबवणार. ते दांडा धरून पायरी चढले, ड्रायव्हरच्या मागे उभे राहिले आणि म्हणाले, “वळायची जागा मी दाखवतो. मीच केली हाय ती.”

विहाराच्या मागे त्यांनी खाली उतरून बॅटरी हलवत गाडी वळवली. “येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बस्स!” एवढ्या मोठ्याने ओरडताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. घराघरांत दिवे लागले. आई धावत आली आणि मला आधी दोन शिव्या घातल्या, मग गाडीकडे बघत राहिली.

सकाळी गाडी वाडीतून भरून निघाली. अण्णा फाटकात टॉवेल घेऊन उभे. गाडी थांबली, नियमाने थांबायलाच हवी. ते चढले. बसायला जागा नव्हती. दुसऱ्या पाळीच्या आयुष्यात मी पहिल्यांदा पहाटे उठून, काम नसताना, फक्त ते बघायला गाडीत बसले होते. तालुक्यापर्यंत ते दांड्याला लोंबकळत उभे होते. त्यांचं वय झालेलं आहे. मी उठून जागा देऊ शकत होते. दिली नाही.

हे एकदाच करून भागलं नाही. ड्रायव्हर-कंडक्टरची जोडी पंधरवड्याने बदलते. नवी जोडी आली की अण्णा त्यांना बांगडे खाऊ घालतात आणि गाडी परत अंगणात झोपवायला बघतात. मला परत बसावं लागतं. आतापर्यंत चार वेळा बसले. तिसऱ्या वेळेला नीता माझ्या शेजारी होती. तिने नवीन काम धरलंय, किहीमच्या एका रिसॉर्टमध्ये, आणि माझ्याबरोबरच परतते.

आता अण्णांनी अर्ज केलाय, रात्री प्रवासी नसतात, गाडी बंद करा. स्वतःला मिळत नाही तर कुणालाच नको. परवा त्यांनी वडिलांना निरोप धाडला, “पोरीला समजव. आपसात मिटवू. ओटीवर चहाला ये.” वडील आजवर त्या ओटीवर कधी चढलेले नाहीत. त्यांनी निरोप मला जसाच्या तसा सांगितला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

मिटवायचं नाही. मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. परवा बैठकीत वाडीला सांगितलं आणि वाडीने हात वर केले. आईनेसुद्धा. गाडी बंद झाली किंवा परत त्या अंगणात झोपली, तर त्या रात्री मी एकटी नसेन. म्हाताऱ्या, पोरंटोरं, अंथरूण-पांघरूण, पाण्याचे हंडे घेऊन अख्खी वाडी अण्णांच्या अंगणात झोपायला येईल, आणि गाडी विहारामागे वळेपर्यंत एकही माणूस तिथून उठणार नाही.