दगडावर मी ‘सेकंड’ लिहिलं

मी हुशार होते असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी भूशास्त्राच्या प्रॅक्टिकलमध्ये मी एकदा सपशेल आपटले होते. दुसऱ्यांदा बसायच्या आदल्या आठवड्यात बाबांनी जेवताना सांगून टाकलं, “या खेपेला न्हाय झालं तर दापोड्याच्या गोडाऊनमध्ये लिहायला जायचं. जागा हाय, मी बोलून ठेवलंय.” ऐंशीचं दशक संपत आलं होतं, आमच्या कामतघर वस्तीतल्या माझ्या बरोबरीच्या पोरी कधीच्याच कामाला लागल्या होत्या, त्यामुळे भांडायला तोंड नव्हतं. पण आल्यागेल्या कापडाच्या गाठी वहीत लिहीत मला जन्म काढायचा नव्हता. मला दगड बघायचे होते! वेड म्हणा हवं तर.

आई कापड तपासायची. लूमवरून, म्हणजे यंत्रमागावरून, उतरलेलं कोरं कापड तिरक्या फळीवर ओढत न्यायचं, कुठे सुताची तार तुटली, कुठे धागा सुटला ते डोळे फाडून बघायचं, आणि चांगल्या ताग्यावर ‘फ्रेश’, खोट निघालेल्यावर ‘सेकंड’ असं पेन्सिलीने लिहायचं. कॉलेजला जायच्या आधी तासभर मीही तिच्या शेजारी उभी असायचे. पुढेपुढे हात आपोआप चालायला लागला. तिथेच तर माझा घात झाला.

दुसऱ्या खेपेच्या परीक्षेत मायक्रोस्कोपखाली दगडाचा केसाहून पातळ काप होता. क्वार्ट्झचा चांगला कण असा, की खालची चकती फिरवत गेलं की एका जागी तो अख्खाच्या अख्खा काळा होतो. माझा मेला होईचना! एका कडेने काळोखी यायची आणि चकती फिरवावी तशी सरकत दुसऱ्या कडेला जायची. इकडून फिरवलं, तिकडून फिरवलं, मान अवघडली. खराब माल आहे हा, असं मनात यायला आणि उत्तरपत्रिकेवर हाताने ‘सेकंड’ लिहायला एकच गाठ पडली. वर तोंड करून मी म्हणते काय, “सर, ही स्लाईड बदलून फ्रेश द्या ना.”

बाहेरून आलेले परीक्षक उठून माझ्यापाशी आले. जाड चष्मा, चेहऱ्यावरची रेघ हलेल तर शपथ. “सेकंड म्हणजे काय?”

मी कापडाचं सांगितलं. दापोडं डोळ्यांसमोर नाचत होतं.

“बरं. कापडात नेमकं काय बिघडतं?”

“एखादी तार अर्ध्यातच संपते, सर. मग आजूबाजूच्या तारा वाकड्या होतात.”

“आणि क्वार्ट्झमध्ये?”

अगं बाई! डोक्यात लख्ख उजेड पडला. “तेच की, सर! अणूंची ओळ अर्ध्यातच संपते. अशा पुष्कळ साचल्या की स्फटिकच वाकतो. म्हणून तो एकदम काळा होत नाही!”

“सिलिकॉन आणि ऑक्सिजनचं एवढं घट्ट जाळं. ते फुटायला हवं. वाकतं कसं?”

“सतरंजीसारखं!” मी ओरडलेच. आमच्या विहारात कार्यक्रमाला बायामाणसं बसली आणि सतरंजी वीतभर पुढे घ्यायची झाली, तर कुणी कुणाला उठवत नाही. मागच्या कडेला एक जाडी सुरकुती करायची आणि पुढे ढकलत न्यायची. ती ज्या ओळीखाली येते तेवढीच ओळ गप्पा न थांबवता जराशी ढुंगण उचलते. सुरकुती पुढून बाहेर पडली की माणसांसकट सतरंजी सरकलेली! “स्फटिकातही एका वेळी एकच ओळ सुटते, सर, शेजारच्या ओळीला धरते, मग पुढची. खोल जमिनीत, गरम असताना, लाखो वर्षं. फुटायचं कारणच नाही.”

“करून दाखवा.”

त्यांच्या टेबलावर हिरवं कापड होतं, त्यावर स्लाईडच्या पेट्या आणि त्यांचा पाण्याचा ग्लास. मी सुरकुती केली आणि ढकलली. अंगात काय संचारलं होतं कोण जाणे, प्रत्येक पेटीला म्हणत होते, “जरा उठा, काकू. हां, बसा. आत्या, तुम्ही उठा.” पेट्या शहाण्यासारख्या उठल्या, बसल्या. ग्लास मात्र सरांच्या मांडीवर उपडा झाला.

सरांनी ओल्या पँटकडे पाहिलं. “पाणी शिरलं की क्वार्ट्झ जास्त सहज सरकतो. हे तुम्ही मुद्दाम दाखवलंत?”

“नाही, सर. अपघात.”

आणि तो दगडी चेहरा खो-खो हसायला लागला! मीही हसले, पोट दुखेपर्यंत. हसता हसता रडूही येत होतं, कारण मार्क अजून त्यांच्याच हातात होते.

निकाल लागला, मी पास! रिक्षाला थांबायला धीर कुठला. स्टँडपासून पळत सुटले ती थेट बाबा कामाला होते त्या लूमच्या कारखान्यात. आत तो खडखडाट. मी कानाशी जाऊन ओरडले, “बाबा, पास झाले!” त्यांनी हातानेच विचारलं, काय? पुन्हा ओरडले. पुन्हा तेच.

बाबा चार लूम चालवायचे. शिफ्टमध्ये त्यांनी हौसेने लूम थांबवलेला कुणी पाहिला नव्हता. माझ्या जन्माची खबर आली तेव्हासुद्धा तागा उतरल्यावरच ते हलले होते, आई अजून सुनावते. त्या दिवशी त्यांनी एकेक करत चारही बंद केले. मग गमछ्याने हात पुसत माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

“आता बोल,” म्हणाले. “सावकाश बोल.”