बुधवारची किल्ली

"इथं अंगठा दे आणि पायरीवरून खाली हो."

वकीलसाहेब एवढंच बोलले आणि त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. हातानं नाही, छडीनं. शाईची डबीही तशीच आली, फरशीवर घासत. आत सतरंजीवर सहा पंच बसले होते. सातवी पंच मी. मी बाहेर, दुकानाच्या पायरीवर, उन्हात. मी अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर दाबला. वकिलांनी चिमटीत धरून कागद उचलला, तांब्यातलं पाणी बोटांनी त्याच्यावर शिंपडलं. पण शिंपडलं ते कडेकडेनं. माझ्या अंगठ्यावर थेंब पडू दिला नाही, शाई फिसकटली असती ना! कागद बाटायला नको आणि अंगठाही पुसायला नको. लय हुशार माणसं.

मी विचारलं, "साहेब, काय लिवलंय?"

"तुझ्या हिताचंच आहे."

मी खाली उतरले. आणि खोटं कशाला सांगू, खुशीत उतरले. पंच झाले म्हणून खुशीत. थू माझ्या अकलेवर.

हे दुकान कुणा शेटजीचं नव्हतं, आमचंच होतं. बाजारातले व्यापारी गव्हात खडे मिसळत, माप आखूड ठेवत. म्हणून नाशकात गंगेकडं उतरणाऱ्या गल्लीत लोकांनी मिळून धान्याचं दुकान काढलं. गावानं भाग घेतले, आमच्या महारवाड्यानंही पोट मारून घेतले. सात पंच निवडायचे. त्यांनी दमडी न घेता काम करायचं. सात पंचांना सात वार वाटून दिलेले. ज्याचा वार त्यानं दुकान उघडायचं, मापाला उभं राहायचं, आणि दिवस मावळला की किल्ली दुसऱ्या दिवसाच्या पंचाच्या हातात द्यायची. कुलूप एक, किल्ली एक. चांगली रीत होती. आजही म्हणेन, रीत चांगली होती.

मी तिथं मागच्या अंगणात धान्य निवडायची. नवरा गेल्यापासून तेच काम. सूप घेऊन बसायचं, खडा वेचायचा, माती पाखडायची. गावातल्या झाडून साऱ्या घरांच्या चुलीवर जो दाणा शिजला, तो माझ्या बोटांखालून गेलेला. आमची माणसं खरेदीला आली की मात्र पुढच्या दारी नाही, बाजूच्या खिडकीशी उभी राहायची. खाली पिशवी धरायची. पंच मापातलं धान्य हातभर उंचीवरून ओतायचा, मापाला पिशवी लागू नये म्हणून. अर्धी ओंजळ मातीत सांडायची. मग बाया खाली बसून दाणे टिपायच्या. कोंबड्या टिपतात तशा. स्वतःच्या दुकानात.

एक पंच गाव सोडून मुंबईला गेला, जागा रिकामी झाली. सहकार खात्याचा साहेब आला होता. तो म्हणाला, महारवाड्याचे एवढे भागीदार आहेत, त्यांचा एकही पंच कसा नाही? वकील होते अध्यक्ष. त्यांनी इकडं तिकडं बघितलं. मी कोपऱ्यात सूप घेऊन उभी होते.

"हिलाच घ्या," वकील म्हणाले. "विधवा आहे, गरीब आहे. तोंड उघडत नाही."

लोक हसले. हात वर झाले. आमच्या वाड्यानंही हात वर केले. मीही केला, माझ्याच नावाला, आणि करताना लाजले.

गेलेल्या पंचाचा वार होता बुधवार. म्हणजे बुधवार माझा. नाशकाचा बाजाराचा वार! खेड्यापाड्याच्या गाड्या यायच्या, आमच्या माणसांना हप्त्याची मजुरी मिळायची, दुकानाला सगळ्यात मोठी गर्दी त्याच दिवशी. मी घरी तांब्यानं माती मापायची सवय केली. भरायचं, हातानं सपाट करायचं, रितं करायचं. आमच्या शेजारची यसाआत्या बघत बसायची आणि हसायची.

"अगं, माती काय मापतीस? येडी झाली का काय!"

"आत्या, माज्या वारी पिशवीला माप टेकवून धान्य पडंल. वरून नाय."

मंगळवारी लुगडं धुतलं. किल्ली घेऊन कुणी आलं नाही. मला वाटलं, सकाळी दुकानाशीच देतील.

बुधवारी सकाळी गेले तर दाराला हे एवढं कुलूप. दारावर कागद चिकटवलेला. मला वाटलं, पंचांच्या घरी कुणी गेलं असेल, सुतक असेल. समोर एका शिंप्याचं दुकान आहे. तो मशीनवरून उठून आला, चष्मा नाकावर चढवला आणि वाचून दाखवलं.

"यापुढे दर बुधवारी दुकान बंद राहील. पंचमंडळाचा एकमतानं ठराव." मग कागदाच्या तळाशी बोट टेकवून तो म्हणाला, "खाली सह्या आहेत बाई. सहा सह्या. आणि एक अंगठा."

मी माझा अंगठा बघितला. नखाच्या कडेला शाई अजून होती.

बाजाराच्या दिवशी धान्याचं दुकान बंद! अशी अक्कल कुठल्या गावात ऐकली आहे का? एक महारीण मापाला लागू नये म्हणून साऱ्या गावाची सोय मोडली. स्वतःचं नुकसान करून घेतलं. नाक कापून अपशकुन म्हणतात तो हा. आणि त्याच्यावर अंगठा माझाच.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, वकिलांचा स्वतःचा वार. ते मागच्या अंगणात आले तेव्हा मी गहू निवडत होते. मी उठले नाही. बसल्या बसल्याच विचारलं.

"साहेब, ह्या पोत्यातला दाणा न दाणा माज्या हातानं निवडलाय. तो बाटला नाय?"

"कोरडं धान्य बाटत नाही."

"मंग माप कसं बाटतं? ते बी कोरडंच हाय."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. वकिलांचं तोंड लाल झालं.

"जास्त बोलू नकोस. अंगठा तूच दिला आहेस. आता कुणाच्या नावानं रडतेस?"

मी सूप उपडं ठेवलं. निवडलेला गहू परत त्याच पोत्यात ओतला, खड्यांसकट. आणि निघाले. त्या दिवसापासून त्यांचा दाणा निवडला नाही. आता निवडतात पंचांच्या बायका, घरी बसून, आणि मला शिव्या देतात म्हणे. देऊ देत.

पण वाड्यातही मला कुणी ओवाळलं नाही. बुधवारी हातात मजुरी यायची आणि दुकान बंद. मग त्याच व्यापाऱ्याच्या दारात जायचं, खड्यांची बाजरी आणायची. चार बुधवार असे गेले. यसाआत्याचा नातू खडा चावून रडला, तेव्हा ती माझ्या दारात आली.

"सोड ती पंचकी. तुज्यापायी दुकान बंद हाय. आपल्याला दाणा पायजे, मान काय चाटायचाय?"

मला लय लागलं. ती खोटं बोलत नव्हती. तिच्या घरात खाणारी सात तोंडं. मी रात्रभर तळमळले. तेव्हा नाशकात आमची माणसं देवळाच्या दाराशी बसून चार-पाच वर्षं झाली होती. देव मला तेवढा ओळखीचा नाही, पण धान्य मी ओळखते. त्याचंही दार बंदच. सोडलं तर पुन्हा आमच्यातलं कुणी त्या मापाला हात लावणार नाही, एवढं मला समजत होतं.

मंगळवारचे पंच होते एक मास्तर. खादी घालायचे, सभेत समतेवर बोलायचे, आमच्या वाड्यात येऊन साक्षरतेचं भाषणही ठोकून गेले होते. एका मंगळवारी दुकान बंद करायच्या वेळी मी त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले. म्हटलं, किल्ली द्या, उद्या माझा वार.

त्यांनी हात जोडले. "बाई, मी आतून तुमच्याच बाजूचा आहे हो."

"मंग भाईरून कुनाच्या बाजूचे, मास्तर?"

"माझ्या घरात म्हातारी आई आहे. समजून घ्या."

वेळ आली की सगळ्यांच्या घरात म्हातारी आई असते! माझ्या घरातली सासू काय आभाळातून पडली होती? किल्ली त्यांनी कनवटीला खोचली आणि मान खाली घालून गेले. वकिलांचा मला राग येतो. मास्तरांची मला किळस येते. हे लिहून ठेवा.

मग वर्षाच्या हिशेबाचा कागद आला. खात्याच्या साहेबाकडं जायचा. त्याच्यावर सातही पंचांची खूण पाहिजे. सहा सह्या झाल्या. मला निरोप आला, पायरीवर येऊन अंगठा देऊन जा. मी गेले नाही. पुन्हा निरोप आला. मी सांगितलं, आधी मला बुधवार द्या.

आणि एका बुधवारी भर दुपारी वकीलसाहेब स्वतः आले. छत्री घेऊन, मागं मास्तर. वाड्याच्या तोंडाशी जोत्याचा एक मोठा दगड आहे, तिथंच थांबले. आत पाऊल नाही. सगळा वाडा गोळा झाला.

"हा कागद. अंगठा कर. आणि तुझा बुधवार तुला दिला," वकील म्हणाले. "माणसं नाही आली खरेदीला तर मला विचारू नकोस."

मी हात पुढं केला. दोन्ही तळवे पसरून.

वकिलांनी कनवटीची किल्ली काढली. हात वर नेला. हातभर उंच. आणि सोडली.

माझे तळवे पुढं होते. पण सोडताना त्यांनीच हात मागं घेतला, माझा वाराही लागू नये म्हणून. किल्ली दगडावर आपटली, मातीत पडली.

"उचल," ते म्हणाले.

मी बघत राहिले. धान्य असंच पडायचं. पाणी असंच पडायचं. जन्मापासून जे मिळालं ते वरूनच पडलं, आणि आम्ही वाकून टिपलं. माझी आई टिपत होती, तिची आई टिपत होती. यसाआत्या घाईनं वाकली. "मी उचलते, मी उचलते," म्हणत तिनं हात घातला. तिच्या हाताआधी मी किल्लीवर पाय ठेवला.

"हातात द्या," मी म्हटलं. "पंचाच्या हातातून पंचाच्या हातात. रीत तुमचीच हाय."

"माजलीस?"

"व्हय. हातात द्या."

ते गेले. कागद घेऊन गेले, किल्ली तिथंच राहिली. त्यांना वाटलं असेल, संध्याकाळपर्यंत ही उचलेल. मी उचलली नाही. कुणाला उचलू दिली नाही. दगडाशीच बसून राहिले. दुसऱ्या दिवशी गुरुवार, वकिलांचा वार, आणि किल्ली माझ्या पायाशी. दुकान उघडलं नाही. सकाळी मास्तर आले, दहा पावलांवरून किल्लीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, परत गेले. दहा पावलं आणि एकदा कंबरेत वाकणं, एवढंच काम होतं. मी त्यांना अडवलं नसतं, खरंच सांगते. शुक्रवारीही दुकान बंद. गावातल्या घरांतही पीठ संपलं. माझा पाय लागलेली किल्ली आणायची कुणी, आणि आणून ठेवायची कुठं, ह्यावर म्हणे तीन घरांत भांडणं झाली.

शनिवारी सकाळी घणाचे आवाज आले. लोहार बोलावला होता. ते वाकले नाहीत. त्यांनी स्वतःच्याच दुकानाचं कुलूप फोडलं.

आवाज ऐकून यसाआत्या माझ्याजवळ आली. म्हणाली, "आता उचल. आता ती त्यांची नाय राह्यली."

मी उचलली. पदराच्या गाठीला बांधली. ती कुठल्याच कुलपाला लागत नाही. नव्या कुलपाची किल्ली सहा जणांत फिरते आणि बुधवारी दुकान बंदच असतं.

पण बुधवारी मी तिथं असते. आधी पायरीवर बसायची, आता उंबऱ्यावर बसते. कुणी उठवायला आलं तर विचारते, हात लावून उठवणार का? मग जातात. गेल्या बुधवारी यसाआत्या शेजारी येऊन बसली, नातवाला मांडीवर घेऊन. बाकीच्या वारी खिडकीशी आता आमच्या बाया पिशवी खाली धरत नाहीत. मापाच्या तोंडाला लावतात. ओतायचं तर ओत, नाहीतर तुझ्या दुकानात धान्य सडू दे. दोघींना धान्य न घेता परत यावं लागलं. त्या उपाशी निजल्या, पण खाली वाकल्या नाहीत.

वर्षाच्या कागदावर सहा सह्या आहेत. सातवी जागा कोरी आहे. वकिलांनी धमकी दिली, मास्तरांनी गोड बोलून बघितलं. माप माझ्या हातात येईपर्यंत ती जागा कोरीच राहणार. मी मेले तर मेलेल्या बाईचा अंगठा दाबून घेतील म्हणून वाड्याला सांगून ठेवलं आहे, सरणावर माझी मूठ मिटवून बांधा.

हे सगळं मी बोलले आणि समोरच्या शिंपीदादांनी लिहून घेतलं. खात्याच्या साहेबाकडं पाठवायचं आहे. त्यांच्याकडून मी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा वाचून घेतलं. एका ठिकाणी त्यांनी "विनंती" असं लिहिलं होतं, ते खोडायला लावलं.

ह्याच्याखाली मी अंगठा देते.