रक्तात पाणी

सगळ्या हिंगोली जिल्ह्यात आमच्या साडूंइतका घट्ट माणूस दुसरा सापडायचा नाही. डोंगरकडा या गावी त्यांच्या चार म्हशी, आणि दूध असं की बोट बुडवलं तर साय चिकटून यावी. पाण्याशी त्यांचं वैरच होतं. वरण जरा पातळ झालं की ताट सरकवायचे. आमच्या घरचा चहा पिऊन एकदा मला शांतपणे म्हणाले, "मास्तर, हे चूळ भरायचं हाय का प्यायचं?"

अशा माणसाच्या पायात रक्ताची गाठ झाली. नांदेडच्या डॉक्टरांनी घरी सोडताना रक्त पातळ करायची गोळी रोज घ्यायला सांगितली. गाठ सुटून फुप्फुसात गेली तर जीव जाईल, असंही बजावलं. साडूंनी एकच शब्द ऐकला, पातळ. "जल्मात दुधात थेंबभर पाणी घातलं न्हाई आमी, अन् हे माझ्या रक्तात घालून राहिले!" तरी गोळी घ्यायचे, कारण अक्का, म्हणजे त्यांची बायको आणि माझी थोरली मेव्हणी, समोर उभी राहायची. मग गुपचूप मळ्यात जाऊन मेथीची जुडीच्या जुडी कच्ची खायचे, रक्त परत घट्ट व्हावं म्हणून. आणि गंमत म्हणजे मेथी खरोखरच त्या गोळीचा जोर मारते! दर तपासणीला रक्त घट्टच, गोळीचा डोस वाढतोय, डॉक्टर चक्रावलेले. शेवटी पाय पुन्हा सुजला, तेव्हा घाबरून साडूंनी अक्कापुढे आणि माझ्यापुढे मेथी कबूल केली. मी शिक्षक. अर्धा तास समजावलं, उपयोग शून्य. अक्कानं दोन वाक्यांत मिटवलं. "पाणी न्हाई घालत कोणी. तुमच्या पायात रक्ताचं दही लागून राहिलं, गोळी ते लागू देत न्हाई."

"मंग डाक्टरला असं बराबर सांगता येत न्हाई व्हय?" साडू उलट डॉक्टरांवरच तापले. डॉक्टरांनी डोस नव्यानं बसवला, पालेभाजी रोज सारखीच खा म्हणाले. तेव्हापासून साडू मेथीची भाजी दुधाच्या मापानं मोजून खाऊ लागले.

पुढं चार वर्षांनी अक्काच अचानक गेली. आता हे गोळी सोडणार, या भीतीनं माझा जीव थाऱ्यावर नव्हता. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"मास्तर, इचारा."

"काय विचारू?"

"गोळी घेतली का म्हून. तिच्यावानी, जरा खेकसून."

मी जमेल तेवढं अक्कासारखं खेकसलो, "गोळी घेतली का?" पलीकडून साडू म्हणाले, "घेतली की. काहून वरडून राहिली?"